हात मागे बांधून

आदेशात एकच ओळ होती :
अधिपरिचारिका, वॉर्ड तेवीस, यांना पाठ्यनिर्देशिका म्हणून.
सव्वीस वर्षं एका स्वल्पविरामात बसली.

चाव्या दिल्या. औषधाच्या ट्रॉलीचं अडकणारं चाक
कसं किंचित उचलून वळवायचं, ते नव्या सिस्टरला दाखवलं.
तिनं वहीत लिहून घेतलं.
अजनीची शेजारीण म्हणाली, बरं झालं बाई,
उभं राहणं संपलं तुमचं.

प्रयोगशाळेत आता माझ्या ताब्यात एक हात आहे,
रबराचा, खांद्यापासून सुटा,
आत लाल पाणी खेळतं.
वर्षाला चाळीस पोरं त्याला टोचतात.
तो आखडत नाही, आईकडे बघत नाही,
सुई चुकली तरी निळा पडत नाही.
त्याच्या भरवशावर मी पास करते सगळ्यांना.

फळ्यावर लिहिते : शीर निवडणे.
पायरी एक, पायरी दोन.
मला कुठं पायऱ्या होत्या?
धानोऱ्याचा एक मुलगा होता, आठ वर्षांचा, सिकलसेलचा,
दर दोन महिन्यांनी भरती.
दोन्ही हातांच्या शिरा वापरून संपलेल्या.
तोच सांगायचा, "सिस्टर, तिथं नको, ती बंद हाये.
अंगठ्याच्या खाली पहा."
आणि तिथंच असायची.
त्याचं नाव वर्गात घेता येत नाही,
रुग्णाची गोपनीयता हा धडाही माझ्याकडेच आहे.

मे महिना. मेडिकलचा उष्माघात कक्ष,
चार कूलर, आणि चौघांचाही नुसता आवाज.
कळमन्याच्या बाजारातून उचलून आणलेला हमाल,
अंग तव्यासारखं, शिरा खाली बसलेल्या.
पुंगाटी पुढे झाली. भामरागडची, दुसऱ्या वर्षाची.
मी तिच्या मागे उभी, हात मागे बांधून,
उजव्यानं डावा धरलेला,
कारण सोडला तर तो विचारत नाही मला.

पहिली चुकली.
हमालाची बायको माझ्याकडे वळली,
"तुमीच लावा नं बाई, थे पोरगी लहानच दिसून राह्यली."

मागच्या आठवड्यात ठवरेच्या हातून
मी सुई काढून घेतली होती.
पेशंट वाचला.
ठवरे तेव्हापासून शेवटच्या बाकावर बसतो.
त्या दिवशी दुसरं काय करायला हवं होतं,
हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही,
आणि पुस्तकं आता मलाच शिकवायची आहेत.

दोनदा, हा नियम. तिसऱ्यांदा मी.
घड्याळ छातीला टाचलेलं, काटा पळतोय.
"पुंगाटी, डोळे मिट."
"मॅडम?"
"मिट. बोट ठेव. दाब, सोड."

कूलरचं पाणी जाळीतून टपटपत होतं.
त्या बाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं.
पोरीचं बोट मनगटावरून सरकलं, थांबलं,
मागे आलं.
"मॅडम, इथं... कोणीतरी परत ढकलून राह्यलं."

मी काही बोलले नाही.
तिनं डोळे उघडले, सुई घेतली,
नळीत लाल थेंब चढला.
माझ्या डाव्या मनगटावर माझ्याच नखांच्या
चार खुणा होत्या. कोणी पाहिल्या नाहीत.

रात्री दोनला अजून जाग येते,
राऊंडची वेळ.
कोणाचं सलाइन संपत आलेलं नसतं.
बाजूला हे झोपलेले. सवयीनं श्वास मोजते.
सोळा.
लिहायला तक्ता नाही.
उद्या ठवरेला पुढच्या बाकावर बोलवायचं.
त्याला काय म्हणायचं, ते सुचेपर्यंत
पुन्हा मोजते.