लाल-हिरवं

इसाफ्योर्दुरच्या मासळी कारखान्यात
नोव्हेंबरात उजाडायलाच साडेदहा होतात.
त्याच्या कितीतरी आधी भिंतीवर उजळतो
माझा डॅशबोर्ड :
कापणी, काटे काढणं, बर्फ, पॅकिंग.
प्रत्येक टेबलापुढे एक गोल दिवा,
उद्दिष्ट गाठलं तर हिरवा, नाहीतर लाल.

कोणत्या आकड्याला किती वजन,
यावर मी आणि योरुन दोन आठवडे भांडलो.
वेगाला चाळीस टक्के. वाया गेलेल्या कॉडला तीस.
उरलं ते कशाकशाला.

तोर्फी, आमचा व्यवस्थापक, दर सोमवारी
हात मागे बांधून पडद्यासमोर उभा राहायचा,
"छान" म्हणायचा,
आणि वळून थेट जायचा
कधी लाल दिव्याच्या, कधी हिरव्याच्याही टेबलाशी.
बोझेनाला विचारायचा, सुरीला धार आहे ना? मनगट कसंय?
मला वाटायचं,
ह्याला आकड्यांच्या मागचंही दिसतं.

परवा कॉफी ओतताना सहज बोलून गेला,
"ते सगळे गोळे एकाच रंगाचे का गं?
शेवाळी?"

तीन वर्षं.
तीन वर्षं तो पडद्याकडे नुसता बघत होता
आणि वाचत होता माणसांचे खांदे.

रात्री बसून रंग बदलले. निळा आणि नारिंगी.
दहा मिनिटांचं काम.

आज सोमवार. तोर्फी हरखून
एकेक दिवा बोटानं मोजतोय,
अजून वळलेला नाही.
त्याच्या पाठीमागे बोझेना हातमोजा काढून
मनगट चोळतेय.

तिचा दिवा निळा आहे.