दहापर्यंत

यादी दोन पानी:
औषध, कापडी ससा, कुठल्या कुशीवर झोपतो.
मी पाच वाढवलीत, तरी वाचली.
मग ती दोघं स्कूटरवरून मुरीच्या बाजाराला गेली,
तिच्या कानामागे मीच खोचलेलं टियारेचं फूल,
त्याच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग.

तीनदा फोन. तेरेमोआना मावशी, झोपला?
झोपला. झोपलाय. अहो, झोपलाच आहे.

साडेनऊलाच स्कूटर परतली.
आत येत नाहीत. पायरीवर बसलीत,
नारळाच्या दुधातला कच्चा मासा
एकाच काट्यानं खात,
आणि बोलतायत कशाबद्दल?
त्याच्या येऊ घातलेल्या दाढेबद्दल.
मग बराच वेळ काहीच नाही.
लांब प्रवाळावर लाट फुटते, तेवढंच.

मी पडवीतला दिवा मालवते.
दार दहाला उघडेन.
पैसे दहापर्यंतचे दिलेत त्यांनी.