पाणीपातळी

गोळी एकही चुकलेली नाही.
पट्टीच्या मागं बॉलपेनानं तारखा घालतो मी,
फुटलेली घरं मोजून घ्या.
अकरा महिने. सकाळी चहाच्या आधी.
मग हे परत कुठनं आलं?

मंगळवारी लेथवर होतो.
उद्यमनगरात, बुशचा जॉब,
दोन शतांश मिलिमीटरची मुभा.
चक फिरत होता, टूल नीट लागलं होतं
आणि छातीत कुणीतरी शटर अर्धं ओढलं.
हात माझेच, पण उसने आणल्यासारखे.
बोटांना मुंग्या, घशात बीडाचा भुसा.
मशीन बंद केलं.
शिकलगार म्हणाला, काय रे, लाईट गेली?
मी म्हणालो, हां.
सगळ्या गल्लीत मोटारी घरघरत होत्या.
तो काही बोलला नाही. आपला टूल घासत राहिला.

डॉक्टर हेरवाडे राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर.
ह्याच जिन्यानं मागच्या दिवाळीत
पेढे घेऊन गेलो होतो.
आता वर जाताना लाज वाटली,
पेढे परत मागायला आल्यासारखी.
ते म्हणाले, होतं असं. गोळी चालू असतानाही येतं.
मनानं बंद करू नका, मनानं वाढवू नका.
कधी आलं, किती आलं, लिहून आणा,
पंधरा दिवसांनी बघू.

किती?
माझ्या मायक्रोमीटरच्या जबड्यात
हे बसत नाही.

आमचे आबा पाटबंधारे खात्यात होते.
पावसाळाभर राजाराम बंधाऱ्यावर पट्टी वाचायचे.
एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका.
वाटेत जो भेटेल तो विचारायचा, आबा, किती?
आबा आकडा सांगायचे. नुसता आकडा.
बापरे त्यात घालायचे नाहीत.
बंधारा पाण्याखाली गेला की मी रडायचो,
वाटायचं, गेला वाहून.
दसऱ्याच्या सुमाराला आबा खांद्यावर घेऊन दाखवायचे.
शेवाळ, कुणाची तरी अडकलेली एक चप्पल,
आणि दगड तिथल्या तिथं.

आता फेब्रुवारी. पंचगंगा तळाला,
घाटाखाली म्हशी गुडघाभर पाण्यात.
आणि माझ्या वहीत:
बुधवार, दुपारी तीन, सदतीस.
गुरुवार, बँकेच्या रांगेत, चाळीस. रांग सोडली.
शुक्रवार, काही नाही. काही नाही म्हणूनच भीती. छत्तीस.

उज्ज्वलाला वही दाखवली.
ती हसली नाही. म्हणाली,
मग तोंडानंच सांगत जा की,
मी काय कलेक्टर हाय, अर्ज करायला?

शनिवारी रात्री दोनला उठून बसलो.
पंखा जवळ येतोय असं वाटत होतं.
तिनं डोळे न उघडता विचारलं, किती?
एकेचाळीस.
मग चाळीसला उठवायला काय झालं होतं?
उठली, स्वयंपाकघरात गेली, लाईट लावला,
माझ्यापुढं लसणाचं सूप ठेवलं.
चटणी करायचीच हाय. सोल.

अर्धा किलो लसूण. पाकळी बारीक,
साल नखाखाली जाते, डोळे चुरचुरतात.
ती मिरच्यांची देठं काढत होती
आणि नणंदेच्या भिशीचं काहीतरी सांगत होती,
निम्मं मला ऐकू येत नव्हतं.
छाती आपलं काम करत होती. धडधडत होती.
मी माझं.
एकदा तिनं पुन्हा विचारलं. चाळीस, म्हणालो.
पुढं विचारलं नाही तिनं.
कधीतरी बाहेर दुधाच्या किटल्या वाजल्या,
आणि भिशीतली शेवटची उचल कुणाची
हे मला कळलं होतं.

उतरतं ते फुटाफुटानं नाही उतरत. इंचानं.
आबाही म्हणायचे, चढताना बघतं सगळं गाव,
उतरताना एकटा पट्टीवाला.

सोमवारी गोळी घेतली, चहाच्या आधी.
पट्टीमागं तारीख घातली.
मशीन लावलं.
शिकलगार जवळ येऊन हुंगायला लागला,
काय रे, हाताला लसणाचा वास?
म्हणालो, परवा रात्री लाईट गेली होती.
तो माझ्याकडं बघत राहिला जरा वेळ.
मग म्हणाला, आमच्याकडं पण जाते कधी कधी.