कंपासचं छिद्र

सेलूत, नगरपरिषदेच्या फाटकासमोर
झेरॉक्सच्या टपरीला पाठ लावून माझं टेबल.
पाटीवर: बांधकाम नकाशे काढून मिळतील.
खाली बारीक अक्षरात: सेफ्टी टाकीसह.
शब्द चुकीचा आहे, मला माहीत आहे.
पण लोक सेफ्टीच म्हणतात.

कौसल्या गिराम आली तेव्हा पिशवीत
मालमत्तेचा उतारा, कर भरल्याची पावती
आणि तिसऱ्यांदा परत आलेली फाइल.
लाल शाईचा शेरा: उत्तर दिशा दर्शविलेली नाही.
"आता उत्तर कोन्ती?
आमच्याकडं मारुतीकडं नि टाकीकडं, एवढंच हाय."

मी कोपऱ्यात बाण काढला
आणि मान वर न करता विचारत गेलो:
माणसं किती, संडास किती.
टाकीला कप्पे दोन, मध्ये भिंत.
हवेचा पाइप छपराच्या वर, तोंडाला जाळी.
जाळीवर ती हसली,
"डासाला बी परवानगी लागती व्हय?"
शोषखड्ड्याच्या तळाला काय आहे, काळी का मुरूम?
शेजारी विहीर, आड, बोअर?

"मागं शकीलाबीचा बोअर हाय.
भिंतीपल्याड सहा-सात फूट."

नियमाला पंधरा मीटर लागतात.
प्लॉट वीस बाय पन्नास, आणि टाकी तिला मागं हवी,
सगळ्यांनाच मागं हवी असते.
मी खोडरबर उचलला. हे हाताला पाठ आहे:
बोअर पुसायचा, जरा लांब, लिंबाखाली काढायचा.
तिथं पाणी नसलं तरी
कागदाला कुठं तहान लागते.
या गावात अकरा बोअर हलवलेत मी,
दोन विहिरी, एक आड.
कुणाच्या झोपेत साधा दगड पडला नाही.

"कामून हालवता?" ती म्हणाली.
"मी बी त्याचंच पानी पिते."

मग कंपास काढला. तो कुठं ठेवलाय
हे शोधण्यातच थोडा वेळ गेला.
टोक बोअरवर रोवलं, पेन्सिल फिरवली.
वर्तुळानं मोरी गिळली, स्वयंपाकघर,
निजायची खोली,
आणि पुढच्या खोलीत, रस्त्यापासून सात फुटांवर
येऊन थांबलं.
तिथं पिको-फॉलचं दुकान व्हायचं होतं.
शटरसुद्धा परभणीला सांगून ठेवलं होतं.

ती बराच वेळ त्या रेषेकडं बघत राहिली.
बोटानं एकदा पुसून पाहिली. पुसली गेली नाही.
"शटरचा इसार बुडाला म्हनायचा,"
एवढंच म्हणाली.

मातीची परीक्षा तिनंच केली.
पाच फुटांवर मुरूम लागला, तिथं हातभर खड्डा,
आदल्या रात्री भरून ठेवला, सकाळी पुन्हा भरला.
काठावर दोघी: ती आणि शकीलाबी,
नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी पाण्यात उभी धरून,
मोबाइलच्या घड्याळावर डोळा.
मला आणून दिली ती मापांची वही.
त्यात लिहिलं होतं:
उंची साडेचौदा. बाही नऊ. गळा मागून खोल.
पाणी एक इंच. बावीस मिनिटं.

मी ते जसंच्या तसं नकाशावर उतरवलं,
म्हणजे, बाही सोडून.

फाइल पुढं सरकली. परवानगी आली,
अटी क्रमांक एक ते नऊ, खाली गोल शिक्का.
तिनं मशीन आतल्या खोलीत नेलं, खिडकीशी.
गिऱ्हाइकं आता शोषखड्ड्यावरच्या फरशीवरून
चपला काढून आत जातात.

पावसाळ्याआधी मी ड्रॉवर आवरला.
जुन्या नकाशांच्या प्रती
एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरल्या.
तिच्या कागदात एक छिद्र आहे,
जिथं कंपासचं टोक टेकलं होतं,
सुईच्या नेढ्याएवढं,
त्यातून उजेड येतो.

बाकीचे चौदा कागद
अगदी गुळगुळीत.