क्षेत्र: पाण्याप्रमाणे

साखळी खांद्यावर टाकून मी केगदवाडीत उतरलो
तेव्हा तळं काठापासून चाळीस पावलं मागे सरलेलं.
एप्रिल अखेर. भेगाळल्या चिखलात म्हशींचे खूर उमटलेले,
टेकडीमागे समुद्र, दिसत नाही, नुसता घोरतो,
आणि मधोमध, कमरेइतक्या पाण्यात, हद्दीचा दगड.
एका अंगाला संस्थानचं नाव,
दुसऱ्या अंगाला फिरंग्याचा मुकुट;
शेवाळ दोहोंवर सारखंच.

नकाशात इथे तुटक रेघ होती.
“रेग? पाण्यार?” झिलू परब म्हणाले,
उपड्या होडीला काजूचं तेल चोपडत.
“मारून बगा सायबानूं. रवता काय?”

मी साखळी लावली. पोरं मागे लागली.
दगडाशी त्यांचा खेळ चालायचा, तळ्यात-मळ्यात,
फक्त इथे मळा दोन सरकारांचा,
आणि बाद झालेलं पोर पलीकडे जाऊन
सेर्फीनबाईच्या अंगणात बसायचं, ओले पाय वाळवत,
हातात तिने दिलेला उंडा.

जेवताना झिलूंनी नाकेबंदीच्या सालांचं सांगितलं.
चांदणं नसलेल्या रात्री इकडून बटाटे, तिकडून लवंगा;
एकदा घड्याळं, पिठाच्या डब्यात.
झडती आली आणि डबा टिकटिकायला लागला,
तेव्हा त्यांची आये डब्यावरच बसली
आणि भर दुपारी मोठ्याने आरती म्हणत राहिली,
हवालदार चपला काढून उभा राहीपर्यंत.

त्याच पावसाळ्यात दगडाला एक माणूस येऊन टेकला. पालथा.
इकडच्या हवालदाराने काठावरूनच ठरवलं, डोकं तिकडे आहे.
तिकडचा शिपाई म्हणाला, पाय तुमचे.
दोन दिवस पंचनामा पाण्यावर तरंगला.
तिसऱ्या रात्री झिलूंचा बाप साबाजी आणि पास्कोल व्हाझ
आपापल्या होड्या घेऊन निघाले, कंदील न लावता.
कोण, कुठला, कुठल्या देवाचा, कळायला मार्ग नव्हता;
कानाच्या पाळीला भोक, गळ्यात काही नाही.
केगदीच्या बनात खड्डा काढला.
एकाने गाऱ्हाणं घातलं, एकाने हवेत क्रूस काढला,
आणि दोघांनी एकाच बाटलीने माती ओली केली.
नाव ठेवलं पावणो.
तेव्हापासून वर्षाची पहिली शेंगटी त्याची.
कुणाचं जाळं फाटलं की अजून विचारतात,
“पावण्याक दिलंस मा?”

मी कागदावर लिहिलं: तळे. क्षेत्र: पाण्याप्रमाणे.
वरून शेरा आला, “अमान्य. फेरमोजणी करावी.”
ती केली दुसऱ्या कुणीतरी. आकडा ठेवला, दशांशासकट.

परवा गेलो, सव्वीस वर्षांनी.
झिलूंच्या सुनेचा, चंद्रकलेचा, फोन
चुलीपाशी एका राज्याचा आणि न्हाणीत दुसऱ्याचा.
“दर आंघोळीक माका ‘स्वागत’ येता,” ती म्हणाली.
पास्कोलच्या नातवाने दारूचं दुकान काढलंय बरोब्बर हद्दीवर;
शटर त्या बाजूला उघडतं,
गिऱ्हाईक या बाजूला कलंडतं.
दगड काही सापडेना. गाळ वाढलाय,
की तोच खचला, की कुणाच्या जोत्यात गेला;
विचारलं तेव्हा सगळेच एकदम
आभाळाकडे बघायला लागले.

निघताना तिने केळीच्या पानात शेंगट्या बांधून दिल्या.
पावण्याच्या ना या? मी विचारलं.
“तुमीय पावणेच,” ती म्हणाली. “काटो तेवढो बगा.
तो खंयचोय असलो तरी लागता.”