मुशीची खतावणी

वेंगुर्ल्याच्या मच्छीमार सोसायटीत एकतीस वर्षं
डिझेलचा हिशोब लिहिला मी.
बोट, लिटर, तांडेलाची सही.
रिटायर होताना एक कोरी खतावणी उचलून आणली,
तिच्यात आता एका कुत्रीचा लिहितो.

बर्फाच्या कारखान्यामागे सापडली ती,
फाटक्या जाळ्यात मागचा पाय अडकलेला.
सोडवताना तिने माझा अंगठा फोडला,
म्हणून नाव मुशी.
मला चार टाके, तिला सहा.

पहिली नोंद मार्चातली:
हेल्मेटवाला, स्कूटरवरून. तीस पावलं.
दोन पायांवर उभी राहिली, दोरी ताणून, तोंडाला फेस.
मी तिच्यावर ओरडलो. ती स्कूटरवर.
लिलाव थांबला.
सुरमईचा भाव कुठे होता तेच विसरलो आम्ही,
हे भिकाजी मेथरने मला आठवडाभर ऐकवलं.

गार्गी तोरसकर, दवाखान्यात जनावरांना सुया देते, म्हणाली,
"काका, वढू नकात तिका.
ती रागान नाय भुकत, भियान भुकता.
लांबसून बघूंदे."
आणि मी काय करायचं?
"तुमीय लांब रव्हा. खिशात सुको बांगडो ठेवा."

तर खिशात सुका बांगडा.
सदऱ्याला वास, चष्म्याच्या घराला वास,
देवळात माझ्या शेजारची जागा
हल्ली रिकामीच असते.
सुरूच्या झाडांपाशी उभे राहतो आम्ही दोघं.
हेल्मेट दिसलं की तुकडा,
गेलं की तुकडा बंद.
लोकांना वाटतं म्हातारा वाट बघतोय कुणाची तरी.

जूनात बोटी वर ओढल्या, ताडपत्र्या चढल्या,
बंदर ओकंबोकं झालं आणि आमचं बरं चाललं.
सव्वीस पावलं. एकवीस.
एकदा अठरावर तिचे कान उभे,
पाठीवरचे केस उभे,
मला वाटलं आता गेलीच,
आणि तिने मान वळवली.
माझ्याकडे.
हात असा थरथरला की तुकडा पडला वाळूत.
वाळूसकट खाल्ला तिने.
ती नोंद मी दोनदा लिहिली आहे, चुकून.

नारळी पौर्णिमेला ढोल, माळा, सुतळी बॉम्ब.
तीन दिवस खाटेखालून बाहेर आली नाही.
चौथ्या दिवशी माझ्या चपलेलाच गुरगुरली.
नावे: बावीस आठवडे,
असं लिहून मी वही मिटली.
गार्गीने ती उघडून वाचली, हसली.
"मागे नाय इली ती.
दिस वायट होते, इतक्याच."
मला ते पटलं नाही.
तरी दुसऱ्या दिवशी बांगडा भाजायला घेतला.

पुन्हा तीस. पुन्हा सुरूची झाडं.
या वेळी मी पावलं मोजायचं सोडलं,
तिचा श्वास ऐकायला लागलो.

काल ओहोटी होती, वाळू कडक, उजाडत होतं.
स्कूटर आली ती थेट उलट्या होडीमागून,
वळायला जागाच नव्हती.
आठ पावलं, फार तर नऊ.
स्कूटर थांबली. हेल्मेट निघालं.
आत सांतान पाववाला,
टक्कल, घामाघूम,
हातातली पावाची पिशवी छातीशी धरलेला.
"काका, माकाय भिया वाटता हो कुत्र्यांचा.
मार्चापासून मी वरच्या रस्त्यान जातंय.
आज पंक्चर काढूक म्हणान हयसून इलंय."
मुशीने त्याला पाहिलं. हेल्मेटला पाहिलं.
पावाचा वास घेतला हवेत, लांबूनच.
मग खाली बसली,
आणि मागच्या पायाने कान खाजवायला लागली,
त्याच पायाने, टाक्यांच्या.

घरी येऊन वही उघडली.
तारीख घातली. वेळ घातली.
पुढे काय लिहायचं?
काही झालं नाही.
एकतीस वर्षांत
काही झालं नाही यासाठी रकाना आखला नव्हता मी कधी.
पट्टी घेतली, पेन्सिल घेतली.
मुशी पायाशी झोपली होती, झोपेत पाय हलवत.

जमा, लिहिलं.
आणि समोर, नीट अक्षरात,
काही झालं नाही.