मांडीवरचं हेल्मेट

पावती हजाराची. वाद घातला नाही मी.
पिवळ्या मडगार्डला टेकून उभा राहिलो.
हवालदार नवा, घामाघूम, त्याचं यंत्र दोनदा गोठलं,
मग त्यानं मलाच विचारलं, आडनाव कसं लिहायचं.
कुष्टा मयेकर. पायलट. म्हापसा स्टँड.
मागच्या सीटवर सेर्जिना बाय,
हेल्मेट मांडीवर, कलिंगडासारखं धरलेलं.
डायलिसिसला जाताना घालायची ती.
येताना डोक्यावर काही सोसत नसे.
"मी देते रे पैसे," म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे.

हवालदार चुकला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो.

हजार त्याच रात्री भरले.
सुलक्षानं वहीत लिहून खाली रेघ ओढली.
रेघेखालचं मग येत राहिलं.
लायसन तीन महिने जप्त.
गाडी दारात, चिकूखाली,
सीटवर कोंबडी बसायला लागली.
हप्ता चुकला, चुकलेल्या हप्त्याला दंड,
त्या दंडावर पुन्हा कर.

स्टँडवर माझा चौथा नंबर होता.
रांगेतली रिकामी जागा
खाजनात पाणी शिरावं तशी भरते.
मंगळवार-शुक्रवार सेर्जिना बाय
रुपेशच्या मागे बसू लागली.
मी परतलो तेव्हा तिनं लांबून हात केला,
मला की त्याला, कळलं नाही.
तिला कुठल्या पायरीशी उतरवायचं
हे आता त्याला माहीत होतं.

जूनमध्ये मुलीच्या नर्सिंगची फी.
बँकेतल्या पोरीनं संगणकाकडे पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
मग "अंकल" म्हणाली, इतकं हळू
की पुढचं ऐकायची गरज उरली नाही.
वेदांगी पर्वरीला मोबाईलची कव्हरं विकते.
बरं चाललंय म्हणते.
मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

आणि हे कुठल्या रकान्यात लिहायचं:
करासवाड्याला दिवा हिरवा असतो
तरी माझा हात ब्रेकवर जातो.
मागचे हॉर्न मारतात, आईबापाची आठवण काढतात.
खाकी काहीही दिसलं,
पोस्टमन, कुणा पोराची चड्डी, वाळकं केळीचं पान,
की पोटात खड्डा.
बावीस वर्षं रस्ता बघून गाडी चालवली,
आता रस्त्याची कड बघतो.

सेर्जिना बाय गेली ते पेपरात वाचलं.
फोटो जुना, केस दाट.
इगर्जीत मी शेवटच्या बाकावर बसलो.
रुपेश पुढे, घरच्यांच्या शेजारी.

गिऱ्हाईक बसलं की हेल्मेट मीच हातात देतो,
पट्टा लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय
किक मारत नाही.
परवा एका बाईनं अस्तरात बोट घातलं,
लांब पांढरा केस ओढून काढला,
उजेडात धरला.
"हा कुणाचा हो?"
मी म्हटलं, होती एक.
जाताना घालायची.